छोट्या क्लबात पहिला मेटल गिग: बँडची तयारी, जॅम रूमपासून बसच्या डिकीपर्यंत

आमच्या पहिल्या क्लब गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, आमच्याकडे तीन गिटार होत्या, दोन बेस होते आणि टेस्टर एकही नव्हता. साउंडचेकला गायक माइकजवळ गेला, हातात माझी गिटार होती, तारांना बोटं लागलेली. "चेक" म्हणायला ओठ पुढे केले आणि माइकच्या जाळीतून त्याला असा झटका बसला की त्या संध्याकाळची सगळ्यात अस्सल किंकाळी साउंडचेकलाच निघाली. आम्ही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं हे नंतर कळलं, ते पुढे सांगतोच.

हे लिहितोय ते जॅम रूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, सहा-आठ महिने घासून पाच-सहा गाणी बसवलेल्या आणि आता दीडशे-दोनशे माणसं मावतील अशा क्लबातून पहिल्यांदा फोन आलेल्या पोरापोरींसाठी. कॉलेज फेस्टचं मोठं स्टेज वेगळं. तिथे चुका मैदानात विरून जातात. छोट्या क्लबात छत डोक्याला लागतं, पहिल्या रांगेतला माणूस तुमच्या पेडलवर पाय देऊ शकतो आणि ड्रमर जेवढा जोरात मारेल तेवढाच सगळ्या खोलीचा आवाज असतो. मला इथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची आहे: छोट्या जागेत जड वाजायचं असेल तर आधी आवाज कमी करा.

१. "हो" म्हणण्याआधी

पहिला गिग मिळाला की माणूस कशालाही हो म्हणतो. दोन मिनिटं थांबा आणि फोनवर बोललेलं सगळं मेसेजवर लिहून घ्या. साउंडचेक किती वाजता, स्टेजवर कधी, किती मिनिटं, आपल्या आधी आणि नंतर कोण, पैसे किती आणि कसे, क्लबाकडे कुठलं सामान आहे.

पैशांचे साधारण तीन प्रकार. ठरलेली रक्कम, दारावरच्या तिकिटांतला वाटा, नाहीतर "एक्स्पोजर" आणि दोन बिअर. पहिल्या गिगला तिसरा प्रकार वाट्याला आला तर मी नाक मुरडणार नाही, पण प्रवासखर्च मागा. चौथाही एक प्रकार आहे, तो टाळाच: "तुम्ही पन्नास तिकिटं विका, उरलेली तुमच्या खिशातून." असा गिग आम्ही एकदा केला. बासिस्टच्या आतेभावाने सात तिकिटं घेतली आणि त्याला मेटल अजिबात आवडत नाही.

वेळेबद्दल नीट विचारा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा बंदिस्त जागेबाहेर लाउडस्पीकर चालत नाही. क्लब गच्चीवर किंवा अर्धा उघडा असेल तर दहा म्हणजे दहा. तुम्ही शेवटचे असाल आणि आधीच्या तीन बँडनी दहा-दहा मिनिटं खाल्ली असतील, तर तुमची अर्ध्या तासाची जागा दोन गाण्यांवर येते. अशा ठिकाणी मधली जागा मागा. शेवटी वाजवण्याचा मान घरी ठेवा.

कव्हर वाजवणार असाल तर त्या गाण्यांसाठी लागणारा आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा, परवाना क्लब किंवा आयोजक घेतो ना, तेही विचारून ठेवा. ते बँडच्या गळ्यात मारू देऊ नका.

२. कागदपत्रं

- सगळ्यांची मूळ ओळखपत्रं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं, म्हणून काही क्लब त्याहून लहान पोरांना दारातच अडवतात. ड्रमर एकोणीस वर्षांचा असेल तर आदल्या आठवड्यात मॅनेजरला सांगा, नाव यादीत घाला. सेकंड इयरचा ड्रमर बाउन्सरसमोर "मी आर्टिस्ट आहे" म्हणत उभा राहिलेला मी पाहिला आहे. बाउन्सरवर ढिम्म परिणाम नाही.
- बिल द्यायचं असेल तर एकाच्या नावाने पॅन आणि बँकेचे तपशील. टीडीएस कापला जाऊ शकतो. पॅन दिला नाही तर तो थेट २० टक्के.
- एका पानावर स्टेजचा नकाशा: कोण कुठे उभं राहणार, कुणाला माइक, कुणाला किती सॉकेट.
- इनपुटची यादी, म्हणजे मिक्सरला काय काय जोडायचं: किक (पायाने वाजतो तो मोठा ड्रम), स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा), टॉम, बेस डीआय (बेस थेट मिक्सरला जोडायची डबी), डावी गिटार, उजवी गिटार, गायक, दुसरा आवाज. बस्स.

शेवटची दोन पानं साउंडवाल्याला दोन दिवस आधी पाठवा. तो वाचेलच असं नाही. पण त्या दिवशी छापील प्रत त्याच्या हातात ठेवलीत की तुमच्याकडे बघायची त्याची नजर बदलते.

३. काय न्यायचं

क्लबात बहुतेक ड्रमसेट, बेस अँप आणि एक-दोन गिटार अँप असतात. याला बॅकलाइन म्हणतात. बॅकलाइन आहे म्हणजे सगळं आहे, असा समज करून घेऊ नका. ड्रमसेट म्हटलं की किक, टॉम आणि स्टँड. स्नेअर, सिंबल आणि किक पेडल ड्रमरने आपापलं आणायचं ही रीत आहे. डबल पेडल तर आणायचंच.

ड्रमर: स्नेअर, सिंबल, पेडल, चार जोड काठ्या, ड्रम की, सिंबलचे जास्तीचे फेल्ट आणि विंगनट, हायहॅटचा (पायाने उघडझाप करायच्या झांजांच्या जोडीचा) क्लच. हा क्लच बोटाएवढा असतो, पण नसला तर हायहॅट नुसती पडून राहते. शिवाय एक जुना पायपुसण्याचा गालिचा. गुळगुळीत फरशीवर किक ड्रम दर गाण्याला इंचभर पुढे सरकतो आणि चौथ्या गाण्याला ड्रमर पाय लांब करून वाजवत असतो.

गिटार आणि बेस: ट्यूनर, प्रत्येकी दोन केबल, तारांचा जास्तीचा संच, पट्ट्याचे लॉक, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, पेडलचा अडॅप्टर. एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड, तीन पिनांचा. गॅफर टेप. साधा चिकटपट्टीचा रोल नको, तो फरशीवर गोंद सोडतो आणि क्लबवाला दुसऱ्यांदा बोलवत नाही.

सगळ्यांसाठी: टेस्टर, छोटा टॉर्च, काळे टीशर्ट दोन (एक घामाने भिजेल), पाणी, आणि कानातले प्लग. प्लगवर कंजुषी नको. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं मानतात आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आपली जॅम रूम शंभराच्या वर असते, रोज दोन तास. माझ्या डाव्या कानात क्रॅश सिंबलच्या बाजूने बारीक शिट्टी वाजत असते. झोपताना जास्त.

४. टोन: घरचा घरी ठेवा

खोलीत एकटे वाजवताना आपण गेन (आवाज फाडणारं बटण) पूर्ण, बेस म्हणजे खालचे सूर पूर्ण, ट्रेबल म्हणजे वरचे पूर्ण आणि मिड म्हणजे मधले शून्यावर ठेवतो. एकट्याला ते भारी वाटतं. क्लबात बँडबरोबर तोच टोन गायब होतो. कारण साधं आहे. खालचा भाग किक आणि बेस आधीच घेऊन बसलेले असतात, वरचा भाग सिंबलने व्यापलेला असतो, आणि गिटारची खरी जागा मधली, ती आपणच रिकामी केलेली असते. मिड वाढवा, गेन घरी असतो त्याच्या दोन-तृतीयांशावर आणा, गिटारचा खालचा घरघराट शंभर हर्ट्झच्या आसपास कापायला साउंडवाल्याला सांगा. पाच तारांच्या बेसची सुटी 'बी' तार सुमारे ३१ हर्ट्झवर वाजते. तो चिखल तुडवायला बेस आहे, त्यात गिटार घालायची गरज नाही.

अँपच्या वॉटवरून भांडू नका. पन्नास वॉट आणि शंभर वॉटमध्ये फरक पडतो तीन डेसिबलचा. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. दीडशे माणसांच्या खोलीत वीस-तीस वॉटचा व्हॉल्व्ह अँप पुरून उरतो. अँप जमिनीवरून तुमच्या गुडघ्यांकडे वाजत असेल तर त्याला मागे रेला किंवा खुर्चीवर ठेवा. पोटऱ्यांना कान नसतात, म्हणून तुम्ही आवाज वाढवत राहता आणि समोरच्याच्या कपाळात खिळा ठोकला जातो.

खाली ट्यून करत असाल, ड्रॉप सी (सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेली) किंवा त्याखाली, तर जाड तारा लावा. सैल तार जोरात मारली की सूर वर चढतो आणि दोन गिटार एकमेकींत मिसळत नाहीत. या सगळ्या खाली ओढलेल्या सुरांचं मूळ एका अपघातात आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, पुढे ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक झालेल्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच हा. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा सैलही केल्या. ब्लॅक सॅबथचा आवाज त्यातून आला. आपण धडधाकट बोटांनी तेच करतो, तर निदान तारा तरी बरोबर लावू.

५. माइकला ओठ लावण्याआधी टेस्टर

आता तो झटका. गिटार अँप एका सॉकेटवर, साउंड सिस्टिम दुसऱ्या सॉकेटवर, आणि त्यांपैकी एकाचं अर्थिंग नाही. तारांना हात आणि माइकला ओठ लागले की मधली वाट म्हणजे तुम्ही. घरातली वीज २३० व्होल्टची असते. स्कॉटलंडच्या स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वॉन्सीच्या स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून प्रेक्षकांसमोर गेला.

म्हणून हे क्रमाने करा. पोचल्यावर शक्यतो सगळे अँप आणि पेडल साउंड सिस्टिमच्याच लाइनवर घ्या, साउंडवाल्याला विचारून. मग टेस्टरचं टोक माइकच्या जाळीला आणि गिटारच्या तारांना लावून बघा. दिवा लागला, अगदी मंद जरी लागला, तरी कुणी कशाला हात लावायचा नाही, इलेक्ट्रिशियन बोलवायचा. दिवा नाही लागला तरी गायकाने पहिल्यांदा माइकला हाताच्या पालथ्या बाजूने स्पर्श करायचा. फोमचं टोपणही चढवा, तीस-चाळीस रुपयांत मिळतं. आणि गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणाऱ्या माणसाचं ऐकू नका. असा माणूस प्रत्येक क्लबात एक असतो आणि अत्यंत आत्मविश्वासाने बोलतो.

६. साउंडचेक

बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो: शेवटी वाजवणारे आधी चेक करतात, पहिले वाजवणारे शेवटी, म्हणजे त्यांचं सामान तसंच स्टेजवर राहतं. तुम्ही नवे, तुम्ही पहिले, म्हणजे तुमचा चेक शेवटचा आणि बहुतेक पंधरा मिनिटांचा. चार वाजता बोलावलं तर पावणेचारला हजर राहा आणि सातपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

आधी किक, मग स्नेअर, टॉम, बेस, एक गिटार, दुसरी गिटार, गायक. ज्याला सांगितलं त्याने एकट्याने वाजवायचं. किक चेक चालू असताना कोपऱ्यात सोलो कुरकुरवणारा गिटारिस्ट सगळ्यांच्या डोक्यात जातो. शेवटी एक गाणं, सगळ्यात गजबजाटाचा भाग, मिनिटभर.

मॉनिटरमध्ये, म्हणजे आपलं आपल्याला ऐकवणाऱ्या स्टेजवरच्या स्पीकरमध्ये, काय हवं ते नेमकं सांगा. "दादा, मला माझा आवाज आणि थोडी किक द्या" हे चालतं. "जरा पंच येत नाहीये" याला उत्तर नाही. छोट्या खोलीत ड्रम अँपशिवायच ऐकू येतात, मॉनिटरमध्ये गायकाला जागा द्या.

गायकांनो, माइकची जाळी मुठीत धरायची सवय सोडा. व्हिडिओत झकास दिसतं. पण असा माइक मागून येणारा आवाज मागच्या फटींमुळेच गाळतो. फटी झाकल्या की तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो, मॉनिटरचा आवाज परत आत जातो आणि शिट्टी सुरू. वर तुमची गुरगुर नाकात बोलल्यासारखी होते ती वेगळीच.

साउंडवाल्याशी नीट वागा, नाव विचारा, चहा विचारा. त्या रात्री तुमचा आवाज त्याच्या बोटांत असतो.

७. सेट

तीस मिनिटं दिली तर पंचवीसची तयारी. पाच गाणी, फार तर सहा. सगळ्यात घट्ट बसलेलं गाणं पहिलं ठेवा, कारण साउंडवाला त्याच गाण्यात फेडर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाजाच्या पट्ट्या, हलवत असतो. ट्यूनिंग बदलायचं असेल तर सगळी एका ट्यूनिंगची गाणी एकत्र लावा. एसीत सूर सरकतो, म्हणून गिटार बॅगेतून काढून आधी अर्धा तास तिथेच ठेवा.

पहिल्या बँडसमोर लोक पुढे येत नाहीत. स्टेजपुढे दहा फुटांची अर्धचंद्र जागा मोकळी राहते, मागे हाताची घडी घातलेली माणसं. ही शिक्षा नव्हे, सगळ्यांना भोगावी लागते. आमच्या दुसऱ्या गिगला गायक दोन गाणी इंग्रजीत "कम क्लोजर" ओरडला, कुणी हललं नाही. तिसऱ्याच्या आधी वैतागून म्हणाला, "अहो या की पुढे, आम्ही काय चावतोय का?" हशा पिकला आणि माणसं आली. तेव्हापासून तो स्टेजवर मराठीतच बोलतो, मुंबईत, पुण्यात आणि एकदा बेंगळुरूतही.

२००० च्या दशकात जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरॉस क्लबात मेटल ऐकायला जाणारी पोरं आता चाळिशीत आहेत. मागच्या भिंतीला टेकून ती बघत असतात. मान हलली तरी मिळवलं.

८. पिट

स्टेजपुढे ढकलाढकली, म्हणजेच पिट, सुरू झाली तर घाबरू नका. त्यात शिस्त असते. कुणी पडला की आजूबाजूचे त्याला उचलतात. तुमचं काम एवढंच: गायकाने नजर ठेवायची आणि कुणी पडून उठत नसेल तर गाणं तिथेच थांबवायचं. थांबवण्याची खूण बँडने आधी ठरवून ठेवा. आमची आहे दोन्ही हात डोक्यावर उलटे-सुलटे. ड्रमरला तेवढंच दिसतं.

स्टेजवर चढून उडी मारणाऱ्यांना हसत-हसत ढकलू नका. २०१० मध्ये प्रागच्या एका छोट्या क्लबात लॅम्ब ऑफ गॉड या मेटल बँडच्या गिगला स्टेजवरून खाली पडलेला एक चाहता पुढे दगावला. गायक रँडी ब्लाइथला २०१२ मध्ये अटक झाली, २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला. क्लबाची सुरक्षा ढिली होती हेही तिथे निघालं. मॅनेजरला आधीच विचारा, स्टेजच्या कडेला माणूस उभा असणार का.

९. ठिणगी नको

मित्र म्हणेल, शेवटच्या गाण्याला ते थंड अनार लावू. नाही म्हणा. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या स्टेशन नाइटक्लबात ग्रेट व्हाइट बँडच्या पहिल्याच गाण्याला लावलेल्या ठिणग्यांच्या नळ्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. बहुतेक जण आत आले त्याच दाराकडे धावले होते. २०१५ मध्ये बुखारेस्टच्या कलेक्टिव्ह क्लबात गुडबाय टु ग्रॅव्हिटी या मेटल बँडच्या गिगला तसंच झालं. ६४ माणसं गेली, बँडच्या पाचांतले चार त्यांत होते. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबात आग लागून २५ जण गेले.

साउंडचेकनंतर पाच मिनिटं काढा. दुसरं दार कुठे आहे ते बघा आणि हाताने उघडून बघा. मागच्या दाराला बिअरचे क्रेट लावलेले मी एकदा पाहिले, मॅनेजरला सांगितल्यावर त्याने तोंड वाकडं केलं, पण हलवले. भिंतीवर आणि छताला आवाज शोषणारा फोम असेल तर धुराचं मशीन ठीक, ज्वाला आणि ठिणगी मात्र कुठलीच नाही. धुराचं मशीन असेल तर अलार्म वाजेल का तेही विचारून घ्या.

१०. उतरणं, पैसे, परतीचा प्रवास

शेवटचा ठोका पडला की सामान उचलून खाली या. स्टेजवर बसून सिंबल पुसायचे नाहीत, केबल गुंडाळायच्या नाहीत, मैत्रिणीला मिठी मारायची नाही. पुढच्या बँडकडे पंधरा मिनिटं आहेत. सगळं एका कोपऱ्यात नेऊन तिथे सुटं करा.

टीशर्ट विकणार असाल तर टेबल दाराजवळ लावा. तळघरातल्या क्लबात नेटवर्क नसतं, क्यूआर कोड कितीही मोठा छापला तरी समोरच्याचं यूपीआय फिरत राहतं, तो "नंतर घेतो" म्हणतो आणि जातो. काळ्या एक्सएलची मागणी जास्त असते, मीडियम घरी परत येतात.

पैसे निघायच्या आधी विचारा, सगळ्यांसमोर नव्हे, मॅनेजरच्या टेबलावर आणि हसत. दारावरचा वाटा ठरला असेल तर किती तिकिटं गेली तो आकडा तिथेच लिहून घ्या. एका ठिकाणी आम्ही "उद्या पाठवतो" वर विसंबलो, तो उद्या अजून यायचा आहे.

मुंबईहून रात्रीच्या बसने पुण्याला येताना गिटार डिकीत टाकायची वेळ आलीच तर तारा सैल करा, गिटारच्या डोक्याखाली टॉवेल कोंबा आणि कडक केस वापरा. मी मऊ बॅगेत टाकली होती. खालापूरला पहाटे तीनला वडापाव खायला उतरलो तेव्हा डिकी उघडून बघायची बुद्धी झाली. कुणाची तरी तांदळाची गोणी गिटारवर आडवी पडली होती आणि डोकं मानेपासून तुटून नुसत्या तारांवर लोंबकळत होतं. वडापाव थंड झाला.

आणि क्लब सोडण्याआधी टॉर्च लावून एकदा स्टेजवर फिरून या. ड्रमच्या मागे बघा, अँपच्या मागे बघा, आणि भिंतीतल्या सॉकेटात बघा. पेडलचा अडॅप्टर तिथेच असतो.